वाजिदची बुधवारची बायको

चंद्रपूरच्या आमच्या घुटकाळा वॉर्डात एक बातमी दोन-तीन वर्षं चवीनं चघळली गेली. वाजिद शेखनं जंगलात दुसरी बायको केली आहे, एटापल्लीच्याही पलीकडे, आणि दर बुधवारी तो तिच्याकडे जातो.

बातमीला पुरावा लागतो, आणि आमच्या वॉर्डात पुराव्याची कमी कधीच नव्हती. पहिला पुरावा बांगड्यांचा. मंगळवारी वाजिद गोल बाजारात काचेच्या बांगड्या घेताना दिसायचा, हिरव्या आणि लाल. बांगडीवाल्यानं आमच्या गल्लीतल्या मलिका खालांच्या कानात सांगितलं की माप दोन-चारचं नेतो. आता निशातचा, म्हणजे वाजिदच्या लग्नाच्या बायकोचा, हात दोन-आठचा. खालांना हे पक्कं ठाऊक, कारण निशातच्या लग्नात बांगड्या त्यांनीच भरल्या होत्या आणि भरताना किती फुटल्या तेही त्या अजून सांगतात. दुसरा पुरावा खोबरेल तेलाचा, पिशवीभर बाटल्यांचा. तिसरा वासाचा. गुरुवारी सकाळी हा गडी परत यायचा तेव्हा डोळे तांबारलेले, सदऱ्यावर लाल माती आणि अंगाला मोहाचा वास. वाजिद दारूला शिवत नाही हे सगळ्यांना माहीत. तेव्हा वास तिचाच, असं एकमतानं ठरलं.

शेवटचा पुरावा सगळ्यांत भारी. सारं चंद्रपूर लुंगीवर बसून खिमा-पाव खात असताना हा रविवारी हापिसात जायचा.

"रविवारी कामाले जाणारा माणूस एक तं कर्जात असते, नाई तं पापात," मलिका खाला म्हणायच्या.

खालांचे नेम बहुतेक चुकायचे. तो मात्र अर्धा लागला होता.

वाजिद हा कय्यूमभाईंचा मुलगा. कय्यूमभाईंचं जटपुरा गेटाजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक टेबल, त्यावर उघड्या पोटाचे चार रेडिओ, आणि समोर बाक. त्या बाकावर गावभरच्या बातम्या आमच्यासारखे लोक फुकट दुरुस्त करून द्यायचे. कय्यूमभाईंचं एकच सांगणं असायचं, आवाज येत नसेल तर आधी सेल बघ, मग रेडिओला नावं ठेव. वाजिदनं हे लहानपणी हजारदा ऐकलं असेल. मोठेपणी त्याचा उपयोग करायची वेळ आली तेव्हा तो विसरला. पण ते पुढे येईलच.

पोरगा बी.कॉम. झाला, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला. नव्वदच्या त्या वर्षांत चंद्रपुरात कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं, देवळात जावं तसं. वाजिदला गुणवंतरावांच्या ट्रेडिंग कंपनीत नोकरी लागली. ही कंपनी मीठ, साबण, टॉर्चचे सेल, छत्र्या, स्लिपरा असा माल टेम्पोत भरून दोन्ही जिल्ह्यांतल्या आठवडी बाजारांत पाठवायची. पोंभुर्ण्यापासून सिरोंच्यापर्यंत ज्या गावात बाजार भरतो तिथे गुणवंतरावांची गाडी असायचीच. गुणवंतराव जुन्या वळणाचे शेठ. कुठल्या बाजारात काय खपतं ते त्यांना पोटातून कळायचं. पण वय झालं आणि बाजारही वाढले, तेव्हा पोट पुरेना.

मग दोन हजार दोनच्या सुमाराला शेठ नागपूरला कुठल्याशा मेळाव्याला गेले आणि टाय लावलेली दोन पोरं सोबत घेऊन आले. त्या पोरांनी वाजिदच्या कॉम्प्युटरमध्ये एक प्रोग्राम टाकला आणि त्याचं नाव सांगितलं, बिझनेस इंटेलिजन्स.

"बिजनेस तं माहा आहे," शेठ म्हणाले. "इंटेलिजन्स कोनाचं?"

"मशीनचं, सर."

"अन् पगार वाजिदचा. चालू द्या."

गंमत अशी की ते चाललं. आधी डेपोवरून कागदांचे गठ्ठे यायचे, आता फ्लॉपी यायची, एसटीच्या कंडक्टरच्या खिशातून. वाजिद ती आत टाकायचा. मग तोच माल कसाही कापून बघता यायचा, बाजाराप्रमाणे, महिन्याप्रमाणे, गाडीप्रमाणे. पहिल्याच दिवाळीनंतर त्यानं शेठला दाखवलं की टॉर्चचे सेल आणि कांबळी काही ठरावीक गावांत अचानक उडतात, शेजारच्या गावात तेच धूळ खात पडतात. शेठनं खूप डोकं खाजवलं. वाजिदला लवकर उमगलं, कारण तो स्वतः नाटकाचा शौकीन. जिथे मंडईचं, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेचं, नाटक लागतं तिथे लोक पहाटेपर्यंत थंडीत बसतात आणि अंधारात घरी जातात. पुढच्या वर्षी कंपनीनं नाटकांच्या जाहिराती बघून गाड्या पाठवल्या. माल उरला नाही. शेठनं हापिसात सगळ्यांसमोर वाजिदच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला चढली. मी बघत होतो, माणूस चालायला लागला की पाठ जरा पुढे घेऊन चालायचा, जणू कोणी पुन्हा थापेल.

आता बोडमेट्टाची गोष्ट. एटापल्लीच्या आत, डोंगरांच्या कुशीत हे माडिया आदिवासींचं गाव, बुधवारी तिथे बाजार भरतो. कंपनीची गाडी आलापल्लीच्या डेपोतून सकाळी निघायची आणि संध्याकाळी परत यायची. ड्रायव्हर खुशाल, मूल तालुक्यातला, बोलघेवडा आणि भित्रा. वाजिद एकदा श्रावणात त्याच्या गाडीतून बोडमेट्टाला गेला होता, मालाचे नंबर नीट टाकतात की नाही ते बघायला. जाताना तो पुढे खुशालच्या शेजारी बसला. येताना खुशाल म्हणाला, "वाजिदभाऊ, तुम्ही मांगं बसा जी. पुढं बाई बसते, तिचे दिवस भरले आहेत."

वाजिद मागे गेला. मागे ताडपत्रीखाली माणसंच माणसं. तापानं फणफणलेली, खोकणारी, पोट धरून बसलेली, एक म्हातारा तर आडवाच. त्या गावात आजार झाला की लोक बुधवारची वाट बघायचे. बुधवारपर्यंत टिकला त्याला मोहाच्या झाडाखाली आणून ठेवायचं, कारण बाजार उठला की खुशालची गाडी तिथे थांबते आणि आलापल्लीच्या दवाखान्यासमोर उतरवते. कैक वर्षांची ही रीत. भाडं नाही. फार तर कोणी वास्ते द्यायचं, म्हणजे कोवळे बांबूचे कोंब, कोणी मूठभर चारोळी.

गाडीत जंगू नावाचा माणूस आपल्या बुधरीला, बायकोला, घेऊन चालला होता. तिला हिवताप. जंगूनं वाजिदच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे बघितलं.

"तू बिमार आहेस का?"

"नाही."

"मग उतर. ही बिमार लोकांची गाडी आहे."

सगळी आजारी गाडी हसली. मग जंगूनंच सरकून त्याला आपल्या गोधडीवर जागा दिली. उतरताना वास्त्यांची एक जुडी त्याच्या हातात कोंबली. निशातनं ते वास्ते मसूर घालून रांधले आणि शेजारी वाटीवाटी पाठवले. माझ्याही ताटात पडले होते. छान झाले होते.

पण कंपनीचा नियम होता, मालाच्या गाडीत माणूस बसवायचा नाही. विम्याची भानगड. कधीतरी कुठेतरी गाडी उलटली होती तेव्हापासून शेठ यावर फार कडक. म्हणून खुशाल दर बुधवारी फेऱ्याच्या कागदावर लिहायचा, परत येताना गाडी रिकामी. इमानेइतबारे लिहायचा. एकाही बुधवारी त्याचं चुकलं नाही. तो कागद फ्लॉपीतून वाजिदकडे यायचा आणि वाजिद तो तसाच मशीनला खाऊ घालायचा. गाडी रिकामी येत नाही हे त्याला ठाऊक होतं. त्या गाडीतले वास्ते त्याच्या पोटात गेले होते.

पुढचा उन्हाळा लागला. डिझेल महागलं. शेठनं सांगितलं, कोणते फेरे ठेवायचे आणि कोणते बंद करायचे ते मशीनला विचार. वाजिदनं नकाशा बनवला. प्रत्येक बाजार म्हणजे एक गोल टिकली. चांगला असेल तर हिरवी, बरा असेल तर पिवळी, वाईट असेल तर लाल. लाल कुठून सुरू करायचं हे मशीन सांगत नाही, ते माणसाला सांगावं लागतं. वाजिदनं सांगितलं. परतीची रिकामी गाडी म्हणजे निव्वळ तोटा, असंही त्यानंच शिकवलं. आधी सेल बघ, हे बापाचं सांगणं त्याला तेव्हा आठवलं नाही.

बैठकीसाठी नागपूरहून प्रोजेक्टर आणला होता. पडदा नव्हता, म्हणून शेठच्या घरची पांढरी चादर खिळ्यांना लटकवली. चादरीच्या कोपऱ्यात पोपट भरलेला होता, तो नेमका सिरोंच्यावर बसला. चार डेपोंचे मॅनेजर, दोन हिशेबनीस, दारात ड्रायव्हर. बत्ती मालवली, वाजिदनं बटण दाबलं आणि दोन जिल्हे चादरीवर उमटले, हिरवे-पिवळे-लाल. खोलीत कोणी खोकलंही नाही. ज्या माणसाचा बाप बाकावरच्या रिकामटेकड्यांना चहा पाजत आयुष्य घालवतो, त्याच्यासाठी एवढी माणसं एकदम गप्प होणं ही काही लहान गोष्ट नाही.

बोडमेट्टा लालभडक होतं.

"हे काऊन इतकं लाल?" शेठनं विचारलं.

"विक्री बरी आहे, पण परत येताना गाडी रिकामी," वाजिद म्हणाला.

शेठ दाराकडे वळले. "खुशाल, रिकामी येते का गा गाडी?"

खुशालनं टोपी काढून हातात घेतली. "रिकामीच येते जी." आणि त्यानं वाजिदकडे बघितलं.

शेठनंही वाजिदकडे बघितलं. काही तरी त्यांच्या पोटाला पटलं नसावं. "इतक्या दुरून येते, कोनी काहीच देत नाई? पक्कं?"

आता बोलायची जागा होती. वाजिद म्हणाला, "कागदावर तसंच आहे, शेठ."

हे वाक्य खोटं नव्हतं. वाजिदनं मग कित्येक वर्षं ते वाक्य मनात उलटंपालटं करून बघितलं, आणि प्रत्येक वेळी ते खरंच निघालं.

"मंग बंद करा," शेठ म्हणाले.

बाहेर चहाच्या टपरीवर खुशालनं त्याला गाठलं.

"भाऊ, तुम्ही बोलले असते तं?"

"तुझी नोकरी गेली असती, खुशाल."

"हो ना जी." खुशालनं बशीत चहा ओतला. "वाचली."

खुशालची बदली सिरोंच्याच्या गाडीवर झाली.

बंद फेऱ्यांची सूचना कंपनीनं रीतसर पाठवली. बाजारातल्या दुकानदारांना कळवलं, ग्रामपंचायतीला कळवलं. ज्यांच्याशी कंपनीचा व्यवहार त्या सगळ्यांना कळवलं. मोहाच्या झाडाखाली बसणाऱ्यांशी कंपनीचा काही व्यवहार नव्हता.

भादव्यात खुशाल चंद्रपूरला आला. हापिसात पुढच्या दारानं न येता मागच्या दारानं आला आणि वाजिदच्या खुर्चीजवळ उभा राहिला.

"जंगू आठवते का तुम्हाले? गोधडीवाला?"

"का रे?"

"त्याच्या पायावर कुऱ्हाड बसली. बांबू तोडताना. जखम चिडली. मंगळवारी पाय काळा पडला म्हणून बुधवारी खाटेवर घालून झाडाखाली आणला त्याले. गाडी येईल म्हणून बसून राह्यले."

"कोणी सांगितलं नव्हतं?"

"कोन सांगन जी? मधात नाल्याले पूर होता, बाजारच भरला नव्हता दोन आठवडे. त्यायले वाटलं पान्यापायी गाडी आली नसन, आज येईन. अंधार पडेपर्यंत बसले. मंग खांद्यावर नेला, दुसऱ्या दिवशी पोचले. जीव वाचला. पाय नाई वाचला, गुडघ्याखालून कापला."

वाजिदनं कीबोर्डवरून हात काढून घेतले. खुशालच म्हणाला, "बुधरी म्हने, हा झाडाखाली बी हसवत होता लोकायले. म्हने, बिमार माणूस आला अन् गाडीच बिमार पडली."

त्याच महिन्यात मशीननं सांगितलं की बंद केलेल्या फेऱ्यांमुळे कंपनी हिरवीगार झाली. शेठनं पेढे वाटले. वाजिदच्या हातात पेढा बराच वेळ राहिला, वितळायला लागला तेव्हा त्यानं तो खिडकीतून कावळ्याला दिला. हापिसातल्या पोरांना वाटलं, वाजिदभाईला साखर झाली. तीही बातमी आमच्याकडे आठवडाभर चालली, निशातला दोघी-तिघींनी कडू कारल्याचा रस करून दिला.

मग एका दुपारी तो शेठच्या केबिनमध्ये गेला आणि सगळं सांगितलं. गाडी रिकामी येत नव्हती, मला माहीत होतं, मी बसलो होतो त्यात.

गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला.

"मंग त्या दिवशी सांगतलं काऊन नाई?"

"खुशालची नोकरी गेली असती, शेठ."

"खुशालच्या नोकरीपायी?"

वाजिदनं मान हलवली, अर्धी हो, अर्धी नाही.

"अन्?"

"चादरीवरचं चित्र चांगलं दिसून राह्यलं होतं."

शेठ हसले नाहीत. रागावलेही नाहीत. म्हणाले, "तू सांगतलं असतं तं मी फेरा ठेवला असता का बंद केला असता, आता मले बी नाई सांगता येत. ठेवला असता असं म्हनू बी शकत नाई मी. तू मले मोकाच दिला नाई."

वाजिदनं विचारलं, अहवालात एक नवा रकाना टाकू का, परतीची माणसं म्हणून? शेठ म्हणाले, "टाकशीन तं विमावाला पहिले वाचन. अन् मले कळलं का मालाच्या गाडीत माणसं बसतात, तं ज्यानं बसवले त्याले काढा लागन. म्हनून मले काही कळवू नोको." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आलापल्लीले जुनी मेटॅडोर उभी आहे. उभ्या उभ्या सडून राह्यली. रविवारी कामाले ये, बुधवार तुले दिला. डिझेल तुह्यं. गाडीत माल दिसला पायजे. काऊन जातो, कोनाले आनतो, माह्यापुढं बोलू नोको. कोनापुढंच बोलू नोको."

झालं. तोंड शिवलं गेलं.

खुशालनं त्याला गाडी शिकवली. डेपोतल्या कडुलिंबावर दोनदा आणि पाण्याच्या टाकीवर एकदा आदळून वाजिद शिकला. मंगळवारच्या गाडीनं आलापल्ली, बुधवारी पहाटे मेटॅडोर, बोडमेट्टा, संध्याकाळी परत, रात्रीची एसटी, गुरुवारी घर. गाडीत माल दिसला पाहिजे, म्हणून तिथल्या बायांनी सांगितलेलं तो घेऊन जायचा. त्यांना मीठ-साबण नको होतं, त्यांना बांगड्या आणि खोबरेल तेल हवं होतं. माडिया बायांची मनगटं बारीक. दोन-चार. अंगाचा वासही त्या गाडीचा. एरवी ती मेटॅडोर मोहफुलांची पोती वाहायची, फळ्यांत वास मुरलेला.

हे सगळं आम्हाला तेव्हा कुठे माहीत. आम्ही दुसऱ्या बायकोला नावसुद्धा ठेवलं होतं. काही जण तिला एक पोरगा आहे असं म्हणायचे, आणि तो वाजिदच्या तोंडवळ्याचा असल्याचं एकानं तर पाहिलं होतं.

शेवटी बातमी जिथे पोचायची तिथे पोचली. मलिका खाला एका मंगळवारी निशातकडे वाटीभर साखर मागायला गेल्या. साखर हे निमित्त, आम्हा साऱ्यांना माहीत होतं. तासाभरानं त्या साखर न घेताच बाहेर आल्या.

वाजिद पिशवी भरत होता. निशात दारात उभी राहिली.

"सवतीसाठी तेल कोणतं नेता? मला विचारलं असतं तर चांगलं सांगितलं असतं. ह्यानं केस गळतात."

"निशात, तसं नाही."

"मग कसं?"

"सांगता येत नाही."

"तर मग मी येते. लग्नाच्या वेळी आमच्याकडचे सगळे तुमचं घर बघायला आले होते. हे घर तेवढं बघायचं राहिलं."

तिला थांबवणं त्याला जमलं नाही. गल्लीतल्या प्रत्येक खिडकीनं ती बुरखा घालून, टिफिनचा डबा घेऊन त्याच्या मागे निघालेली बघितली. त्या रात्री घुटकाळ्यात कोणी नीट जेवलं नसेल.

बोडमेट्टाच्या बाजारात निशातनं खात्री म्हणून सगळीकडे बघून घेतलं, सवत काही दिसली नाही. बायांनी गाडीला गराडा घातला, बांगड्या भरून घेतल्या, तिच्या दोन-आठच्या हाताला हात लावून बघितला आणि आपसात गोंडीत काही बोलून हसल्या. संध्याकाळी मेटॅडोर मोहाच्या झाडाखाली लागली. तिथे एक पाय नसलेला माणूस दोर वळत बसला होता. काखेत कुबडी, शेजारी बायको.

"वाजिद, ही कोण?" त्यानं विचारलं. "बिमार आहे का?"

"माझी बायको आहे, जंगूदादा."

"मग पुढं बसव. मागं बिमार लोक बसतात." मग निशातला म्हणाला, "बाई, तुझा माणूस चांगला आहे. आमची गाडी सेठनं बंद केली होती. ह्यानं परत आणली. आधी आला असता तर माझा पाय बी राहिला असता. पण आला, चांगलं झालं."

बुधरीनं निशातच्या ओंजळीत वास्त्यांची जुडी टाकली. खुशालनं सांगितलेलं आणि त्याच्या आधीचंही, सगळी गोष्ट आदल्या दिवशी एसटीत वाजिदनं निशातला सांगून टाकली होती. सवतीचा आळ सोसण्यापेक्षा शेठचा हुकूम मोडणं त्याला सोपं वाटलं. चादर, पोपट, लाल टिकली, कागदावर तसंच आहे. काहीही न लपवता. म्हणून आता निशात वास्ते हातात धरून नवऱ्याकडे बघत राहिली.

वाजिदला ते बघणं सोसलं नसावं. तो जंगूसमोर मातीत उकिडवा बसला.

"जंगूदादा, गाडी बंद झाली ना तेव्हा... ती अशी बंद झाली की..."

दोर वळायचा थांबवून जंगूनं त्याच्याकडे बघितलं. "सेठनं केली ना?"

वाजिदच्या तोंडाशी आलेलं तिथेच थांबलं. मागे गाडीत एक पोरगी तापात कण्हत होती, एक म्हातारा टेकून चढत होता, आणि हे सगळे ज्याच्यावर भरवसा ठेवून झाडाखाली येऊन बसतात तो माणूस आपणच आहोत, हे त्याला दिसत होतं.

"हो," वाजिद म्हणाला. "सेठनं केली."

हेही वाक्य खोटं नव्हतं.

"सेठ लोक तसेच," जंगू म्हणाला आणि पुन्हा दोर वळायला लागला. "तू चल. उशीर नको करू, बिमार लोक आहेत."

परतीच्या वाटेवर निशात पुढच्या सीटवर होती, वास्ते मांडीवर. आलापल्लीचे दिवे दिसायला लागले.

"ही भाजी मी करणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही वाटून टाका."

वाजिदनं वास्ते दवाखान्याच्या शिपायाला दिले.

घुटकाळ्यात आल्यावर बायांनी निशातला घेरलं. कशी आहे, गोरी आहे का, पोर आहे का? निशातनं एकेकीकडे बघून घेतलं. "आहे एक," म्हणाली, "पण माझ्यापेक्षा जुनी आहे. तिला सोडायला सांगितलं तर हे मलाच सोडतील." बाया खूश झाल्या. बातमी आणखी दोन वर्षं टिकली.

पुढे रस्ता झाला, बस लागली, सरकारी गाडी येऊ लागली आणि वाजिदचे बुधवार बंद झाले. गुणवंतराव वारले. मेटॅडोर भंगारात गेली. मशीन बदललं, नवा प्रोग्राम आला, चादरीच्या जागी मोठा टीव्ही आला आणि टिकल्या तशाच राहिल्या. नव्या पोरांना वाजिद एकच प्रश्न विचारून हैराण करायचा. पोरं लाल टिकली दाखवायची, तो म्हणायचा, "तिथे जाऊन आलास का?" पोरं म्हणायची, "सर, डेटा आहे ना." मग तो उठून बाहेर पाणी प्यायला जायचा.

ही हकीकत मला निशातनं सांगितली, गेल्या वर्षी, जंगू गेल्याची खबर आली त्यानंतर. कोणाला सांगू नका म्हणाली. माझ्याशी हे असं बोलणं म्हणजे काय, ते तिला इतक्या वर्षांच्या शेजारानं माहीत असायला हवं होतं. मला वाटतं, माहीत होतं.

वाजिदला जंगलात बायको नव्हती. जी गाडी त्यानं बंद करवली होती तीच तो दर बुधवारी घेऊन जात होता, आणि ती आपल्यामुळे बंद झाली हे त्यानं जंगूला कधीच सांगितलं नाही.